कलर किचनमधली आयरिश कॅसेट

मिलमध्ये नोकरी केलेल्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात: कापडाचे तुकडे आणि किस्से. तुकडे मी गोधड्या शिवून संपवले. किस्से मात्र संपत नाहीत. जुनी मंडळी भेटली की एक सांगून होतो न होतो तोच कुणीतरी म्हणतं, "अगं, ते राहिलंच की," आणि चहा पुन्हा ठेवावा लागतो.

नव्वदच्या दशकात मी सुरतेला, बमरोलीच्या एका प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये होते. प्रोसेस हाउस म्हणजे व्यापारी कोरं कापड आणून देणार, आम्ही त्यावर रंग चढवून, फुलं छापून परत करणार. कापड त्याचं, मेहनत आमची. त्या व्यापाऱ्याला सगळे 'पार्टी' म्हणत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

आणि हे सगळे किस्से एका कॅसेटचे आहेत. आयर्लंडच्या एका बँडचा अल्बम. गावाकडची जुनी गाणी, बासरी, अकॉर्डियन, आणि त्यावर गळ्याच्या शिरा ताणून ओरडणारी पंक पोरं. जगात म्हणे त्याला क्लासिक म्हणतात. आमच्याकडे त्याला काय म्हणायचे ते ऐका.

*

मिलमध्ये नवीन प्रिंटिंग मशीन आलं होतं. ते बसवायला परदेशातून एक इंजिनियर आला, मूळचा आयर्लंडचा. सहा फूट उंच, लालभडक चेहरा, नाव टॉम. शेठनं त्याला स्टेशनजवळच्या चांगल्या हॉटेलात ठेवलं होतं, पण तिथलं गोडसर जेवण त्याला जाईना. चौथ्या दिवसापासून तो केळी आणि बिस्किटं खाऊन काम करायला लागला.

आमच्या कलर किचनचे मास्तर म्हणजे रघुनाथ पाटील, पारोळ्याकडचे, बोलायचे अहिराणीत, सगळ्यांचे आप्पा. छापायचा रंग आणि त्यात घालायचा गोंद हे त्यांचं राज्य. बोटं मंगळवारी जांभळी तर गुरुवारी हिरवी. त्यांना काही त्या माणसाचं केळ्यावर जगणं बघवेना. त्यांनी आपला डबा त्याच्यापुढे सरकवला. कळण्याची भाकरी आणि ठेचा! टॉमसाहेबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, नाक लाल झालं, आणि दुसऱ्या दिवशी बरोबर साडेबाराला ते स्वतःहून येऊन बसले. तीन आठवडे आप्पांच्या घरून दोन डबे येत होते.

जाताना साहेबांनी वॉकमनमधली कॅसेट काढली, आप्पांच्या हातात ठेवली, त्यांची मूठ आपल्या हातांनी मिटली, बरंच काही बोलले आणि गेले. काय बोलले ते कुणालाच कळलं नाही, कारण इंग्रजी समजणारी मी तेव्हा नेमकी बँकेत गेले होते. आप्पांनी स्वतःच अर्थ लावला.

"ठेवाले दिधी शे. यी तव्हय लई जाई."

मी म्हटलं, अहो आप्पा, सांभाळायला नाही, भेट दिलीय ती तुम्हाला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कालच नोकरीला लागलेय.

"पार्टी माल ठेईसन जास, ते काय गिफ्ट ऱ्हास का ताई?"

*

कॅसेटवर नाव नव्हतं, घरी भरलेली असावी. मग आप्पांनी कापडावर खूण करायच्या शाईनं तिच्यावर 'टॉमसाहेब' असं लिहिलं. ती शाई शंभर धुण्यांत जात नाही. अल्बमचं आमच्या मिलमधलं नाव तेच पडलं.

कलर किचनमध्ये एक टेपरेकॉर्डर होता. टॉमसाहेब एवढे भले गृहस्थ, तेव्हा भजनं असणार, या खात्रीनं आप्पांनी हात धुऊन कॅसेट लावली. आणि जो काही गलका उठला! गोंद ढवळणारी माणसं फळ्या हातात धरून तशीच उभी राहिली. आप्पांनी मात्र पहिलं गाणं शेवटपर्यंत, मान खाली घालून, नीट ऐकून घेतलं.

"परमिटवाला शे," ते म्हणाले.

गुजरातेत दारूबंदी, आणि परदेशी माणसाला परमिटवर मिळते, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सुरतेतली या अल्बमची ती पहिली समीक्षा.

एवढ्यात वरच्या डिझाइन स्टुडिओतून सुधीर देवधर जिना उतरून धावत आला. हा आमचा आर्टिस्ट, साड्यांवरची फुलं काढायचा. मुंबईच्या आर्ट कॉलेजात शिकलेला, सडपातळ, कायम उपाशी दिसणारा. हातातला ब्रश फरशीवर गळत होता, त्याचं त्याला भान नव्हतं. हॉस्टेलवर त्यानं हा अल्बम वर्षभर ऐकला होता, मग कुणीतरी तो ढापला, आणि तेव्हापासून चार वर्षं तो मुंबईच्या दुकानांत आणि फुटपाथांवर शोधत होता. दुकानदार त्याला याऐवजी दुसरंच काहीतरी गळ्यात मारायला बघत. आणि तो अल्बम सापडला कुठे, तर बमरोलीत, गोंदाच्या टाकीशेजारी.

त्यानं विचारलं, "आप्पा, हे काय आहे माहितेय तुम्हाला?"

"टॉमसाहेबनी कॅसेट."

त्या दिवसापासून सुधीरच्या आयुष्यात एकच ध्येय उरलं. पगारवाढ नको, लग्न नको, ती कॅसेट पाहिजे.

*

तुम्ही म्हणाल, कॉपी करून घ्यायची, त्यात काय मोठं? रिंग रोडवर दहा दुकानं होती कॅसेट भरून देणारी. सुधीरही तेच म्हणाला, आणि तिथेच फसला.

सुरतेच्या कापडधंद्यात कॉपी हा शब्द शिवीसारखा आहे. आज तुमची डिझाइन बाजारात गेली की पंधरा दिवसांत शेजारची मिल तीच छापते, चार रुपयांनी स्वस्त. म्हणून नमुन्याचा तुकडासुद्धा गेटपासशिवाय बाहेर जात नसे. पूर्वी एकदा एका पार्टीची डिझाइन फुटली होती आणि आठ दिवस संशय आप्पांवर होता. नंतर खरा चोर सापडला, शेठनं माफीही मागितली, पण ते आठ दिवस आप्पा विसरले नव्हते. त्यांच्यासमोर पार्टीच्या मालाची कॉपी काढायची म्हणजे देवाच्या मूर्तीसमोर चप्पल घालून उभं राहण्यासारखं होतं.

शेवटी सुधीरनं रीतसर मार्ग धरला. गेटपास भरला. 'मालाचे वर्णन' या रकान्यात लिहिलं: आयरिश संगीत, एक नग. 'कारण' या रकान्यात: घरी ऐकणे. खाली खातेप्रमुखाची सही लागते, म्हणजे आप्पांची.

आप्पांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि सही करायच्या जागी लिहिलं: "माल पार्टीचा. इथेच ऐकणे."

मग काय, सुधीर रोज दुपारी आपला डबा घेऊन खाली यायला लागला. गोंदाच्या आणि रॉकेलच्या वासात, उलट्या ठेवलेल्या रंगाच्या डब्यावर बसून जेवायचा आणि ऐकायचा. वर पंख्याखाली जेवायची सोय असताना!

*

गोंद किती वेळ ढवळायचा याला फार महत्त्व. कमी झाला तर गाठी राहतात, जास्त झाला तर पातळ होतो. आप्पा घड्याळ वापरत नसत, कारण हात कोपरापर्यंत रंगात. पूर्वी अंदाजानं चालायचं. आता रोज कॅसेट लागत होती, तर त्यांच्या लक्षात आलं की एक बाजू संपली की गोंद बरोबर तयार होतो. रजिस्टरमध्ये तशी नोंदच व्हायला लागली: "गोंद, एक बाजू." "रंग, दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं."

एकदा मुंबईच्या एका मोठ्या पार्टीचे इन्स्पेक्टर आले. टाय वगैरे. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि मला विचारलं, मॅडम, ही 'एक बाजू' काय भानगड आहे? आता यांना काय सांगायचं, गाण्यांवर रंग शिजवतो म्हणून? ऑर्डर गेली असती.

"सर, ते आयरिश माप आहे," मी म्हटलं.

ते गंभीरपणे मान हलवत म्हणाले, अच्छा, आणि डायरीत लिहून घेतलं. महिन्याभरानं त्यांच्या दुसऱ्या एका मिलमधून मला फोन आला. एक बाजू म्हणजे किती लिटर?

*

मग लॅबसाठी नवीन ओव्हन आला आणि कलर किचनमधला प्लग त्याला दिला गेला. टेपरेकॉर्डर सेलवर चालायला लागला.

सेल उतरत गेले तसा गाणारा हळू हळू गायला लागला. रोज थोडा थोडा. कुणाच्याच लक्षात आलं नाही. आप्पांना वाटलं, बिचारा थकला. "रोज रोज वरडी ऱ्हायना, थकाव नही का?" असं म्हणून ते लांबलेली बाजू संपेपर्यंत इमानदारीत ढवळत राहिले. गोंद इतका पातळ झाला की छापताना सुधीरच्या गुलाबांचा रंग कडेनं फुटला. पाकळ्यांच्या बाहेर गुलाबी धुकं!

पहिला तागा बघून सुधीर फरशीवर मांडी घालून बसला. दीड महिना काढलेली फुलं होती ती. शेठचे चिरंजीव, छोटे शेठ, घाबरत घाबरत तो माल पार्टीला दाखवायला घेऊन गेले. पार्टीनं कापडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आ शेडिंग तो बहु सरस छे," आणि दुप्पट ऑर्डर दिली.

आता आली का पंचाईत! तसंच पुन्हा छापायचं तर गोंद तसाच बिघडायला हवा, म्हणजे गाणारा तसाच थकायला हवा. छोटे शेठनी कौतुकानं नवीन सेल आणून दिले होते, ते काही कामाचे नव्हते. मग सुधीर आणि मी मिलभर हिंडून उतरलेले सेल गोळा केले. गेटवरच्या पांडेच्या बॅटरीतलेसुद्धा काढून घेतले. तो बिचारा विचारत राहिला, मॅडम, खराब सेल से क्या करोगे? काय सांगणार त्याला?

*

या भानगडीमुळे छोटे शेठना अल्बमबद्दल कुतूहल वाटायला लागलं. एक दिवस ते स्वतः कलर किचनमध्ये येऊन उभे राहिले. सुधीरनं संधी साधली. त्याच्याकडे रद्दीत मिळालेल्या एका परदेशी मासिकाचं कात्रण होतं, ते तो पाकिटात जपून ठेवायचा, जसा कुणी आईचा फोटो ठेवतो. त्यानं ते काढलं आणि शेठना भाषांतर करून सांगितलं. हा अल्बम निघून बरीच वर्षं झाली, मागून कितीतरी बँड आले आणि गेले, पण जाणकार अजून याचं नाव पहिल्या रांगेत घेतात. सुधीरचा डाव असा, की याची किंमत शेठना कळली तर तेच आप्पांना सांगतील, दे रे बाबा याला.

शेठनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांच्या उभ्या आयुष्यात कुठलीही डिझाइन दिवाळी ते होळीपलीकडे चालली नव्हती. ते आप्पांकडे वळले.

"एटला वरस चाले एवी डिझाइन? एनी स्क्रीन साचवी राखजो," म्हणाले. इतकी वर्षं चालणारा माल म्हणजे त्याचा साचा जपून ठेवायलाच हवा!

आप्पांनी त्याच दिवशी कॅसेटला कुलूपवाला डबा केला. सुधीर दोन दिवस शेठशी बोलत नव्हता.

*

एक किस्सा हसण्याचा नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

बॉयलर साफसफाईला बंद होता, काम नव्हतं. सुधीरला वाटलं, आप्पांना शब्द कळले तर त्यांचं मन वळेल. तो एक गाणं थांबवत थांबवत समजावून सांगायला लागला. गावात काम उरलं नाही म्हणून पोरं बोटीनं परक्या शहरात गेली. एका खोलीत दहा दहा राहिली. रस्ते खणले, इमारती बांधल्या, घरी पैसे पाठवले. आणि सुट्टीच्या दिवशी गावाचं नाव घेऊन गायली.

आप्पा बमरोलीत आले तेव्हा आठ जण एका खोलीत राहायचे. दिवसपाळीवाले उठले की त्याच चादरीवर रातपाळीवाले झोपायचे. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, अगदी सहज, जेवताना.

त्यांनी विचारलं, "त्या पोऱ्या गावले परत गयात का?"

सुधीर म्हणाला, "नाही आप्पा. बहुतेक नाही गेले."

आप्पा उठले, गोंद टाकायचाय म्हणाले आणि टाकीकडे गेले. बॉयलर बंद होता, गोंद कसला टाकणार? सुधीरनं त्या दिवशी कॅसेट मागितली नाही. दुसऱ्या दिवशी मागितली!

*

आणि आता शेवटचा. हा मी नेहमी शेवटीच सांगते.

प्लेगची बातमी फुटली आणि दोन दिवसांत सुरत रिकामी झाली. उधना स्टेशनवर माणसं खिडक्यांतून गाड्यांत चढत होती. आमची मिल बंद झाली. माझे मिस्टर टेलिफोन खात्यात, त्यांना रजा नाही, म्हणून आम्ही राहिलो. सुधीर आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर मागची खोली घेऊन राहायचा. तो निघणार होता त्याच सकाळी तापानं फणफणला.

तो मलेरिया निघाला, म्हणून आज हे सांगता येतंय. तेव्हा रक्ताचा रिपोर्ट यायचा होता, आणि ताप म्हटलं की लोक दारं लावून घेत होते. डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या आणि लांबून तपासलं. मी दोन वेळा वरणभात दाराशी ठेवायची आणि तो तसाच्या तसा परत उचलायची. तिसऱ्या दिवशी त्यानं दाराच्या फटीतून मला एक कागद दिला. सांगलीचा पत्ता होता, आईवडिलांचा. "ताई, कळवायची वेळ आली तर," एवढंच बोलला. मी जिन्यात बसून रडले. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू?

मिलच्या गेटवर फोन करून मी पांडेला तेवढं सांगितलं. दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

त्याच दुपारी आप्पा आले. बायकोमुलांना पारोळ्याच्या गाडीत बसवून ते एकटे मागे राहिले होते, हे मला तेव्हा कळलं. तोंडाला रुमाल, सायकलच्या कॅरिअरला कापडाच्या किनारीनं घट्ट बांधलेला टेपरेकॉर्डर. मी म्हटलं, आप्पा, आत जाऊ नका. ते म्हणाले, नाही जात. वळसा घालून मागच्या खिडकीशी गेले, गजांबाहेरच्या कट्ट्यावर टेपरेकॉर्डर ठेवला, खिशातून नवे कोरे सेल काढून भरले आणि कॅसेट लावली.

सगळी गल्ली ओस पडलेली. कुत्रीसुद्धा दिसत नव्हती. आणि त्यात तो आरडाओरडा, ती बासरी, ते ढोल! समोरच्या इमारतीत एक म्हातारी तेवढी उरली होती, ती गॅलरीत येऊन बघायला लागली.

पहिल्या बाजूला सुधीर नुसता पडून होता, भिंतीकडे तोंड करून. आप्पा उन्हात उभे. बाजू संपली, त्यांनी ती बदलली. दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्याला त्यानं तोंड वळवलं. मग उशीला टेकून बसला. मी घाईघाईनं ताटात भात वाढून दार ढकलून आत सरकवला. त्यानं ताट ओढून घेतलं आणि खाल्लं. चार घास, पण खाल्लं. चादरीखाली त्याचं पाऊल ताल धरत होतं.

आणि आप्पांनी बटण दाबलं. गाणं मध्येच तुटलं.

सुधीर खिडकीकडे बघत राहिला. "आप्पा," तो म्हणाला, "आज तरी राहू द्या ना माझ्याजवळ."

आप्पांनी कॅसेट काढली, सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली आणि वरून बटण लावलं.

"नही," ते म्हणाले. "आखो दोन गाना बाकी शेतस. मिलमा ये, तठे आयक."

टेपरेकॉर्डर कॅरिअरला बांधून ते सायकलवर बसले आणि बमरोलीच्या रस्त्याला लागले.